दाढेचे दुखणे आणि घरोघरचे शहाणपण

मी मराठीचा मास्तर. दातांशी माझा संबंध एरवी वाक्प्रचारांपुरताच. दातओठ खाणे, दातखिळी बसणे, दाताच्या कण्या करणे हे सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. गेल्या वर्षी नवरात्रात मात्र एका रात्री वरची डावी दाढ अशी ठणकू लागली की सारे वाक्प्रचार विसरलो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला आणि 'रूट कॅनॉल करावे लागेल' असा निकाल मिळाला. आता 'कॅनॉल' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धरणाचा कालवा आणि त्याचे खोदकामच येते! बातमी संध्याकाळपर्यंत साऱ्या बिऱ्हाडांत पोहोचली.

"उपटून टाका हो, कटकटच नको," शेजारचे काका म्हणाले.

"वरची दाढ आहे, डोळ्यांना जपा," वहिनींनी बजावले.

"मेलेला दात तोंडात ठेवू नये, अंगात विष भिनतं," कॉलेजातले एक सहकारी म्हणाले.

आई काहीच बोलली नाही. तिने लवंगेच्या तेलाचा बोळा तेवढा आणून दिला.

तेल झाले, गोळ्या झाल्या आणि आठवड्याभरात ठणका थांबला. मी मोठ्या दिमाखात डॉक्टरांकडची वेळ रद्द केली. वसुबारसेच्या सकाळी आरशात पाहतो तो डावा गाल पुरीसारखा टम्म फुगलेला!

दवाखान्यात दंतवैद्य बाईंनी मला ओळखले. अकरावीला त्या माझ्या वर्गात होत्या. "सर, आज तोंड तुम्ही उघडायचं, बोलायचं मात्र मी," त्या हसून म्हणाल्या. त्या दिवशी मी विद्यार्थी झालो.

दाताच्या कठीण कवचाआड मऊ गर असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. कीड तिथवर पोहोचली की गराला सूज येते. पण कवच काही फुगत नाही. म्हणून तो जीवघेणा ठणका. पुढे गर मरतो आणि दुखणे थांबते. रोगी म्हणतो, बरे वाटले! वास्तविक ओरडणारा पहारेकरीच मेलेला असतो आणि चोर आत मोकळे फिरत असतात. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. नुसत्या जंतुनाशक गोळ्यांनीही भागत नाही, कारण मेलेल्या गरात रक्तच पोहोचत नाही, मग औषध कोठून पोहोचणार?

उपचार म्हणजे हा गर काढायचा, मुळांतल्या मिलिमीटरहूनही अरुंद नळ्या बारीक कानशींनी साफ करायच्या, औषधाने धुवायच्या आणि गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाने बंद करायच्या. समोरच्या दाताला बहुधा एकच नळी. वरच्या दाढेला तीन, पुष्कळदा चार. पोखरलेली दाढ पुढे फुटू नये म्हणून तिच्यावर टोपी बसवतात.

आणि वेदना? सूज उतरल्यावर सुई टोचली तेवढेच काय ते जाणवले. लिडोकेन हे बधिरतेचे औषध १९४८ साली बाजारात आले. आपली भीती मात्र अजून त्यापूर्वीच्या काळात वावरते आहे. नंतर दोन-तीन दिवस दाढ हुळहुळली, इतकेच.

विषाची समजूतही जुनीच. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथील भाषणात तोंडातल्या जंतुदोषावर तोफ डागली. पुढे अमेरिकेत वेस्टन प्राइस या दंतवैद्यांनी असे उपचार केलेले दात नाना रोगांचे मूळ ठरवले. माणसांचे असंख्य दात उपटले गेले. मागाहून काटेकोर तपासण्यांत ते म्हणणे टिकले नाही. दात उपटणे स्वस्त खरे. पण शेजारचे दात त्या फटीकडे कलतात आणि नवा दात बसवायला पुन्हा खर्च येतोच. ज्यांना तो झेपत नाही, त्यांना सरकारी दंत महाविद्यालयात हेच काम पुष्कळ कमी पैशांत करून मिळते.

राहिला डोळा. दाताची संवेदना नेणारा मज्जातंतू वेगळा, दृष्टीचा वेगळा. पहिल्याच्या फांद्या डोळ्याभोवतीही पसरलेल्या असल्याने वरच्या दाढेची कळ डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटते. त्यातूनच हा गैरसमज झाला असावा.

भाऊबिजेच्या संध्याकाळी हे सारे मी आईला रंगवून सांगत होतो. कवळीमुळे ती फराळाची चकली चहात बुडवून खात होती. मध्येच तिने विचारले, "म्हणजे डोळा जात नाही?"

"नाही गं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डोळ्याच्या भीतीनं मी वरच्या दाढांना कुणाला हात लावू दिला नाही. सुट्या झाल्या तशा काढल्या. तुम्ही लहान होतात, डोळे गेले असते तर तुमचं कोण केलं असतं?"

मला काय बोलावे सुचेना. वर्गात तास-तास बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने घरात हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता.

"एक राहिलाय," ती हळूच म्हणाली. "वरचा सुळा. कवळी त्यालाच अडकते. महिनाभर ठणकतोय. म्हटलं, दिवाळीत कशाला सांगा."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. सुळा वाचला. यंदा भाजणी दळून आली आहे आणि चकलीची पहिली चव आईच घेणार आहे.