बटेराची पिल्ले लंगडतात तेव्हा

बटेराची पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लंगडू लागली, की पाळणारा आधी औषधाच्या दुकानात जातो. पाण्यातून प्रतिजैविक सुरू होते. पैसे जातात, पिल्ले मात्र बसलेलीच राहतात. पुष्कळदा हा रोग नसतोच. खाद्यातील खनिजांचा मेळ चुकलेला असतो. शिवाय विनाकारण दिलेल्या औषधाचा अंश मांसात राहून खाणाऱ्याच्या पोटात जाऊ शकतो. म्हणून आरोग्याच्या सदरात हा विषय.

आपल्याकडे पाळतात तो जपानी बटेर. तो १९७४ साली अमेरिकेतून भारतात आला. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्यावर पुढे मोठे काम केले. रानातला लावा वेगळा. त्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

गरज किती?

अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचे असते. पाच आठवड्यांत ते १८० ते २०० ग्रॅम भरते. एवढे वजन पेलणारी हाडे तितक्याच दिवसांत तयार व्हावी लागतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली दिलेल्या प्रमाणानुसार वाढत्या बटेराच्या १०० किलो खाद्यात ८०० ग्रॅम कॅल्शियम व ३०० ग्रॅम पचणारा स्फुरद (फॉस्फरस) हवा. सूक्ष्म खनिजांपैकी लोह १२ ग्रॅम, मँगनीज ६ ग्रॅम, जस्त अडीच ग्रॅम, तांबे अर्धा ग्रॅम लागते. आयोडीन व सेलेनियम तर त्याहूनही कमी. पण ही चिमूटभर खनिजे नसतील, तर बाकीचे खाद्य अंगी लागत नाही.

घरचा मका पुरत नाही

सिल्लोड, कन्नड भागात मका भरपूर. त्यात सोयाबीन पेंड मिसळली की खाद्य झाले, असा समज असतो. मक्यात कॅल्शियम नावालाच असते. धान्यातील स्फुरदापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग अशा रूपात बांधलेला असतो, की तो पक्ष्याला फारसा पचत नाही. म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी), चुनखडीची भुकटी किंवा शिंपल्यांचा चुरा आणि सूक्ष्म खनिजांचे मिश्रण घालावेच लागते.

जास्त तेही वाईट

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे पिल्लाच्या गरजेच्या चौपट. हे खाद्य पिल्लांना दिले, तर मूत्रपिंडावर ताण येतो. जादा कॅल्शियम स्फुरद, जस्त व मँगनीज शोषू देत नाही. म्हणजे खनिज घालूनही पिल्लू लंगडते ते लंगडतेच. अंडी देणाऱ्या बटेराला अडीच टक्के कॅल्शियम लागते; ते खाद्य त्याच वयात द्यावे.

लक्षणे ओळखा

चोच व हाडे मऊ, पिल्लू गुडघ्यांवर बसते : कॅल्शियम, स्फुरद किंवा ड-३ जीवनसत्त्व कमी.
सांधा सुजून शीर बाजूला सरकते, पाय वाकडा वळतो : मँगनीजची कमतरता असू शकते.
पिसे विस्कटलेली, पायाची हाडे आखूड व जाड : जस्त कमी.

हाडे मऊ पडली असतील, तर वेळीच खाद्य सुधारल्यास पिल्ले सावरतात. सरकलेली शीर मात्र जागेवर येत नाही. पिल्ले पटापट मरत असतील किंवा विष्ठा पातळ असेल, तर रोगाची शंका धरावी व मेलेले पिल्लू पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

हे करा

१. मोजकीच पिल्ले असतील, तर ब्रॉयलरचे स्टार्टर खाद्य बारीक करून द्यावे. ते गरजेच्या बरेच जवळ असते.
२. घरी खाद्य करताना खनिजे तराजूवर तोलूनच घ्यावीत. मुठीचा अंदाज नको.
३. खनिज मिश्रण आधी किलोभर मक्याच्या भरड्यात, मग दहा किलोत आणि शेवटी सगळ्या खाद्यात कालवावे.
४. डीसीपी पशुखाद्याच्या प्रतीचेच घ्यावे. शेतातले फॉस्फेट खत वापरू नये. त्यातील फ्लोराइड घातक असते.
५. बंद पिंजऱ्यात ऊन मिळत नाही, म्हणून ड-३ जीवनसत्त्व खाद्यातूनच द्यावे.

खाद्याचे प्रमाण जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्यावे. जाताना खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी व एखादे लंगडणारे पिल्लू सोबत न्यावे, म्हणजे दोष लवकर सापडतो.