पाण्याच्या बाजूने कोकण

कोकणात पाहण्यासारखं म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं समुद्रावरून येणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलं आहे आणि गेली तीन-साडेतीन दशकं आपण ते पाठीमागून पाहत आलो आहोत. मुंबई-गोवा किनारी बोटी ऐंशीच्या दशकाअखेर थांबल्या, तेव्हा एक कटकटीचं वाहन गेलं एवढंच मानलं गेलं. माझ्या मते त्यांच्याबरोबर हा किनारा समजण्याचा क्रमही गेला. सिंधुदुर्ग घ्या. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. मालवणहून होडीत बसलेला पर्यटक जमिनीच्या अंगाला असलेल्या महाद्वाराशी उतरतो, तटावरून फिरतो आणि परततो. बेटाभोवतीचे खडक त्याला फोटोपुरते दिसतात. वास्तविक पहिली तटबंदी तीच आहे. वाट ठाऊक असलेल्या तांडेलाशिवाय मोठं गलबत तिथे शिरणं म्हणजे तळ फोडून घेणं. विजयदुर्गही तसाच. वाघोटन खाडीच्या तोंडाशी तो का उभा आहे, हे खाडीत शिरताना जितकं कळतं तितकं गाडीतळावर कळत नाही. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो समुद्राकडून घेतला आणि आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं.

शिडाच्या काळात मजल वाऱ्यावर ठरे. रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई, दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा, यांच्या मेळावर गलबत पुढे सरकायचं आणि भरती साधून खाडीत आसऱ्याला जायचं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले ही माळ अशा मुक्कामांतून पक्की झाली. आगबोटींना वाऱ्याची गरज उरली नाही, तरी त्यांनी बरीचशी हीच बंदरं धरली. बोट बाहेर नांगर टाकी, पडाव उतारूंना किनाऱ्याला आणी. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत ठेवलं गेलं, तेही समुद्रमार्गेच. जिथे रेल्वे नाही आणि पावसाळ्यात समुद्रही बंद, अशी जागा इंग्रजांना सोयीची होती. राजवाडा पाहताना हे दळणवळण डोक्यात नसेल, तर ती नुसती एक लाल इमारत उरते.

यावर कुणी म्हणेल, हे बोटीचं कौतुक आरामखुर्चीतलं आहे. डेकवर दाटीवाटीने बसलेला, ओकाऱ्यांनी बेजार झालेला चाकरमानी किल्ले पाहायला निघाला नव्हता. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, हेही विसरायचं कसं? विसरायचं नाहीच. एसटीने आणि १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावणाऱ्या कोकण रेल्वेने गावं बारमाही जोडली, ते बोटीला कधी जमलं नसतं. पण प्रवास कष्टाचा होता म्हणून त्याने दाखवलेला क्रम खोटा ठरत नाही. चाकरमान्याला इतिहास पाठ नसेल. जयगडानंतर रत्नागिरी, मग विजयदुर्ग, हे मात्र त्याला तोंडपाठ होतं. महामार्ग आणि रेल्वे दोन्ही आतून जातात, त्यामुळे प्रत्येक बंदर हा एक वेगळा फाटा झाला. समोरासमोरच्या दोन गावांमध्ये खाडी आली की रस्ता लांबचा वळसा घेतो. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटी गाड्या भरून चालतात, त्या भूतकाळाच्या ओढीने नव्हे.

२०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा सुरू झाली, तेव्हा जुनी बोट परतली असं म्हटलं गेलं. तुलना चुकीची होती, नाव कितीही समर्पक असो. रात्रभराच्या सफरीत समुद्र मिळाला, पण मधली बंदरं अंधारात मागे पडली. रस्त्याने जाणाऱ्याला बंदर मिळतं, समुद्र नाही. दोन्ही जोडायला तरंगतं हॉटेल लागत नाही. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की मे महिन्यापर्यंत, दिवसाउजेडी एका खाडीतून पुढच्या खाडीत जाणारी मध्यम बोट आणि ओहोटीतही उतरता येईल असा धक्का, एवढं पुरे. बोट मिळेलही. अडचण धक्क्याची आहे, कारण गाळ भरलेल्या खाड्या उपसण्याचा खर्च पर्यटनाच्या नावाने मागायला कुणी धजत नाही.