गवताची नाडी

एप्रिलात मुलाकडे मिनेसोटाला होतो. घरामागच्या गोल्फच्या मैदानावरचा बर्फ वितळला आणि हिरवळीवर तपकिरी चट्टे उघडे पडले. ‘मेली!’ असा शेरा मी मनोमन मारूनही टाकला. बँकेतली जुनी खोड. माळी मात्र गुडघे टेकून एकेका रोपाचा बुडखा तपासत होता. पांढरा, टणक तर जिवंत. मऊ, तपकिरी तर गेला. ‘पोआ’ गवत घट्ट बर्फाखाली दोनेक महिन्यांत गुदमरते, ‘बेंटग्रास’ अधिक तगते. म्हणून मेलेल्या जागी चिरा पाडून त्याने बेंटग्रासचे बी पेरले. वर वाळूचा पातळ थर, उबेला कापड आणि खेळाला बंदी.

२००३च्या दुष्काळात एका शेतकऱ्याचा कर्ज-पुनर्गठनाचा अर्ज मी टेबलावरूनच परत पाठवला होता. त्याच्या बांधावर गेलोही नव्हतो.