विश्लेषण : मोठ्या रेणूंचे औषध पेशीच्या आत पोहोचवणे इतके अवघड का?

इन्सुलिनला पेशीच्या आत शिरावे लागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरला ते चिकटले, की पुढचे काम पेशीच करते. पण अनेक आजारांचे मूळ पेशीच्या आत असते. तिथे प्रथिनांसारखे मोठे रेणू न्यायचे कसे? पेप्टाइड हा त्यावरील एक उपाय. मात्र त्यातही मेख आहे.

अडचण नेमकी काय?

पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण असते. साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे काही रेणू ते ओलांडू शकतात. अ‍ॅस्पिरिनचा रेणू १८० डाल्टनचा. अँटिबॉडीचा सुमारे दीड लाख डाल्टनचा!

पेप्टाइड काय करते?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. एचआयव्ही विषाणूतील ‘टॅट’ हे प्रथिन आपणहून पेशीत शिरते, असे १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांच्या दोन गटांना आढळले. पुढे कळले, की त्यातील ११ अमिनो आम्लांचा तुकडाही यासाठी पुरेसा आहे. या तुकड्यावर धनभार असतो, पेशीच्या पृष्ठभागावर ऋणभार. त्यामुळे तो चिकटतो आणि जोडलेल्या रेणूलाही आत नेतो. या तुकड्यामुळे एचआयव्हीची लागण होत नाही.

मग घोडे अडले कुठे?

पेशी असा रेणू बहुतेक वेळा पडद्याच्या पिशवीत गुंडाळून आत घेते. ही पिशवी म्हणजे एंडोसोम. रेणू तिच्यातून बाहेर पडला तरच औषधाचा उपयोग. पण बहुतांश रेणू तिथेच अडकून नष्ट होतात.

सुरुवातीला हे लक्षात आले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पेशी रसायनाने स्थिर केल्या जात. त्यात पेशी मरतात आणि पिशवीतले पेप्टाइड पेशीभर पसरते, हे २००३ मध्ये दाखवण्यात आले. त्यामुळे आता पडताळणी जिवंत पेशींवर करण्याचा आग्रह असतो.

रुग्णांच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

‘ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ या आजारात डिस्ट्रॉफिन या प्रथिनाअभावी स्नायू क्षीण होत जातात. तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो. त्यातील काही रुग्णांसाठी ‘एटेप्लिर्सन’ला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. ते दर आठवड्याला शिरेतून द्यावे लागते, पण सुमारे १०,००० डाल्टनचा हा रेणू स्नायूपेशींत फारच थोडा शिरतो. म्हणून कंपनीने त्याला पेप्टाइड जोडून पाहिले. चाचणीत डिस्ट्रॉफिन वाढले. मात्र काही रुग्णांच्या रक्तातील मॅग्नेशियम घटले. अखेर २०२४ मध्ये या औषधाचे काम थांबवण्यात आले.

बातमी वाचताना काय पाहावे?

‘औषध पेशीत पोहोचले’ एवढ्यावर भागत नाही. पिशवीतून किती बाहेर आले आणि त्यासाठी दिलेला डोस शरीराला सोसला का, या दोन उत्तरांवर सारे अवलंबून आहे.