मंगळवारचा फोन



गेली नऊ वर्षं माझा ऑफिसचा रस्ता एकच. वेंब्ली पार्कला ज्युबिली लाइन, बाँड स्ट्रीटला बदलून सेंट्रल, मग होबर्न. डबासुद्धा ठरलेला, मागून दुसरा. पहिल्या आठवड्यात नकाशा बघून हा मार्ग ठरवला, नंतर कधी तपासला नाही. आपल्या धंद्यातलं तत्त्वच आहे ना, चालतंय तर हात लावू नका.

मध्यंतरी एक जुना शोधनिबंध वाचनात आला. ५ आणि ६ फेब्रुवारी २०१४ ला लंडनच्या ट्यूबचा संप झाला होता. बरीच स्टेशनं बंद होती, काही चालू. लार्कम, राउख आणि विलेम्स या तीन अर्थतज्ज्ञांनी संपाच्या आधीचा आणि नंतरचा ऑयस्टर कार्डांचा डेटा तपासला. नाइलाजाने वेगळ्या रस्त्याने गेलेल्यांपैकी साधारण ५ टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच रस्त्याने जात राहिले! म्हणजे रोज जाणार्‍या या लोकांना स्वतःचा चांगला रस्ता माहीतच नव्हता. एक कारण नकाशाचं. हॅरी बेकचा तो प्रसिद्ध नकाशा १९३३ पासून लोकांच्या हातात आहे, दिसायला सुरेख, पण त्यात अंतरं खरी नाहीत. जिथे नकाशा जास्त फसवा, तिथे रस्ता बदलणारेही जास्त निघाले. ५ टक्के आकडा छोटा वाटेल, पण त्यांचा रोजचा वाचलेला वेळ धरला तर संपाने झालेलं नुकसान भरून निघतं, असा त्यांचा हिशोब आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकल मॅक्झिममवर अडकलेली मंडळी. धक्का बसल्याशिवाय हलत नाहीत.

आता संपाची वाट कोण बघणार? एका मंगळवारी मी शेजारच्या प्लॅटफॉर्मवरची मेट्रोपॉलिटन पकडली. ती फिंचली रोडपर्यंत मध्ये कुठे थांबत नाही. युस्टन स्क्वेअरला उतरलो आणि गॉवर स्ट्रीटने चालत निघालो. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे एकूण वेळ काही वाचला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण वाटेत ब्रिटिश म्युझियम लागतं. एलएसईत शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर इथल्या ग्रंथालयात वाचत बसत. नऊ वर्षं मी याच्या जवळूनच जमिनीखालून जात होतो!

असो. मुद्दा वेगळाच आहे. चालताना हात मोकळे, रेंज चांगली, म्हणून सांगलीला आईला फोन लावला. इथे पावणेनऊ, तिकडे सव्वा वाजलेला. आमचा फोन एरवी रविवारी सकाळी दहाला, क्रॉन जॉब लावल्यासारखा. स्पीकर चालू, बाबा शेजारी. जेवलास का, थंडी आहे का, मुलं काय म्हणतात, ठेवू का. बारा मिनिटं.

मंगळवारी फोन बघून आई आधी घाबरलीच. "काय रे, सगळं बरं आहे ना?" म्हटलं, काही नाही गं, सहज केला. दोन मिनिटं तिला हे पटेना. मग हळू आवाजात म्हणाली, बरं झालं केलास, हे झोपलेत आत्ता. आणि मग सांगायला लागली. बाबा स्कूटर बँकेसमोर ठेवून चालत घरी आले होते. एकदा नव्हे, दोनदा. गॅस चालू राहिला होता. शेजारच्या काकांना दुसर्‍याच नावाने हाक मारली. तीन महिने चाललं होतं हे. रविवारी बाबांच्या देखत ती कसं सांगणार? आणि मी तरी कधी विचारलं होतं? मी ऑफिसच्या दारात पोचलो तरी तिचं संपलं नव्हतं. मग त्या चौकात अजून एक फेरी मारली.

पुढच्या महिन्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. काही फरक आहे, किती टिकेल ते बघायचं. गंमत म्हणजे डॉक्टरांनी बाबांना नेमकं उलटं सांगितलंय. वस्तू जागच्या जागी, फिरायचा रस्ता तोच, वेळा त्याच. त्यामुळे रविवारचा दहाचा फोन मी बिलकुल हलवलेला नाही. बाबा अर्धा तास आधीपासून मोबाइल समोर घेऊन बसतात.

मंगळवारी मात्र मी युस्टन स्क्वेअरला उतरतो. आईला आता रस्ता पाठ झालाय. मध्येच विचारते, "म्युझियम आलं का रे? मग अजून दहा मिनिटं आहेत."