विदर्भातील उन्हाळा आणि उच्च कार्यक्षमतेचे मोटार टायर : वाहनचालकांच्या अनुभवांचे विवेचन
(विशेष संदर्भ : समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असणारा तालुका होय. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या तालुक्याचे दळणवळण मात्र केवळ ग्रामीण स्वरूपाचे राहिलेले नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ (पूर्वीचा क्रमांक ७) याच तालुक्यातील जाम येथून जातो आणि जाम चौरस्त्यावरूनच वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा मार्ग फुटतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. वर्धा जिल्ह्यात येळाकेळी व विरुळ येथून या मार्गावर प्रवेश करता येतो. कालपर्यंत तालुक्याच्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने चालणारी मोटार आज त्याच चालकाच्या हाती ताशी १२० किलोमीटर वेगाने धावू लागली आहे.

वेग वाढला, रस्ता बदलला. परंतु मोटार आणि रस्ता यांना जोडणारा दुवा तोच राहिला. चारही टायर मिळून रस्त्याला जेवढे टेकलेले असतात, ती जागा चार तळहातांहून फारशी मोठी नसते. ब्रेक, वळण व वेग या तिन्ही क्रिया अखेर तेवढ्याच जागेवर अवलंबून असतात. त्यातच विदर्भाचा उन्हाळा. नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. नवतपाच्या दिवसांत डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. अशा परिस्थितीत 'उन्हाळी' व 'उच्च कार्यक्षमतेचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांविषयी चालकांमध्ये मोठे कुतूहल आणि तितकेच गैरसमज आढळून येतात. त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१. 'उन्हाळी टायर' या संज्ञेचा नेमका अर्थ स्पष्ट करणे.
२. उच्च कार्यक्षमतेच्या टायरांबाबत चालकांना येणाऱ्या अनुभवांची कारणमीमांसा करणे.
३. उष्णता व हवेचा दाब यांच्या परस्परसंबंधाविषयी प्रचलित असलेल्या समजुतींची तपासणी करणे.
४. विदर्भातील चालकांसाठी उपयुक्त सूचना करणे.

'उन्हाळी टायर' : संज्ञेचा अर्थ

चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधून काढली. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि जॉन डनलॉप याने १८८८ मध्ये त्याला व्यावहारिक रूप दिले. पुढे १९४६ मध्ये मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. आजचे मोटार टायर प्रायः याच रेडियल रचनेचे असतात.

उन्हाळी व हिवाळी असा भेद मात्र थंड देशांतून आला. रबराचा गुणधर्म असा की, तापमान उतरले की ते कडक होते. साधारणपणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन त्याची पकड घटते. म्हणून युरोपातील अनेक देशांत थंडीत हिवाळी टायर व इतर काळात उन्हाळी टायर बसविण्याची प्रथा आहे. जर्मनीत तर बर्फाळ रस्त्यावर हिवाळी परिस्थितीस योग्य असे टायर कायद्यानेच आवश्यक ठरविलेले आहेत.

यावरून असे लक्षात येते की, 'उन्हाळी' हा शब्द युरोपच्या उन्हाळ्यास अनुसरून रूढ झालेला आहे. तो वर्धा-चंद्रपूरच्या मे महिन्याला उद्देशून नाही. आपल्याकडील पारा डिसेंबरच्या पहाटे क्वचितच ७ अंशांच्या जवळ जातो. साहजिकच विदर्भात वापरले जाणारे बहुतेक मोटार टायर वर्षभर 'उन्हाळी' परिस्थितीतच धावतात. दुकानात 'उन्हाळी टायर' म्हणून सांगितले गेले म्हणजे तो ४५ अंशांत हमखास सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

उच्च कार्यक्षमता म्हणजे काय?

टायरच्या भिंतीवर त्याची कुंडलीच छापलेली असते. उदाहरणार्थ, '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' या मजकुरात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे रुंदीच्या तुलनेत भिंतीच्या उंचीचे टक्केवारीतील प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचातील व्यास होय. ९१ हा भारांक असून तो एका टायरवर ६१५ किलोग्रॅमपर्यंतची क्षमता दर्शवितो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते. 'टी' म्हणजे ताशी १९०, 'एच' म्हणजे २१०, 'व्ही' म्हणजे २४०, 'डब्ल्यू' म्हणजे २७० किलोमीटर. सामान्यतः 'एच' व त्यापुढील श्रेणीचे, रुंद व कमी उंचीच्या भिंतीचे टायर उच्च कार्यक्षमतेचे मानले जातात.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर असताना २४० च्या टायरची आवश्यकता काय? वेगश्रेणी हे अधिक वेगाने चालविण्याचे आमंत्रण नव्हे. ती श्रेणी टायर विशिष्ट भार, योग्य दाब व चांगली अवस्था असताना किती उष्णता सहन करू शकतो याची कसोटी होय. मात्र दाब कमी असला, भार जास्त असला किंवा टायर जुना झाला की त्या अक्षराचा आधार उरत नाही.

चालकांचे अनुभव व त्यांची मीमांसा

(अ) पकड व नियंत्रण : असे टायर बसविल्यानंतर गाडी 'रस्ता धरून चालते', असे चालक आवर्जून सांगतात. हा अनुभव खरा आहे. कमी उंचीची भिंत वळणावर कमी लवते, कडेचे ठोकळे भक्कम असतात व रबराचे मिश्रण पकडीला प्राधान्य देणारे असते. त्यामुळे स्टिअरिंगला त्वरित प्रतिसाद मिळतो आणि कोरड्या रस्त्यावर गाडी लवकर थांबते.

(आ) खड्डे व आराम : महामार्ग सोडून गाडी गावाच्या रस्त्याला लागली की तक्रारी सुरू होतात. मूळचा १८५/६५ आर १५ टायर काढून २०५/५० आर १६ बसविल्यास भिंतीची उंची सुमारे १२० मिलिमीटरवरून १०२ मिलिमीटरवर येते. धक्का सोसणारी १८ मिलिमीटरची गादीच कमी झाली, असे समजावे. काळ्या मातीवर बांधलेले रस्ते पावसाळ्यात फुगतात व उन्हाळ्यात आक्रसतात. त्यामुळे त्यांना भेगा व खड्डे पडतात. अशा खड्ड्यात रिम वाकणे किंवा टायरच्या भिंतीला फुगा येणे हे प्रकार वाढतात. फुगा म्हणजे आतील धागे तुटल्याची खूण होय. असा टायर महामार्गावर नेणे धोक्याचे आहे.

(इ) झीज : पकड देणारे मऊ रबर लवकर झिजते, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. पकड आणि टिकाऊपणा यांपैकी एकाला झुकते माप दिले की दुसऱ्यात काही अंशी तडजोड करावी लागते. अधिक किंमत देऊनही टायर लवकर गुळगुळीत झाला, म्हणजे तो निकृष्टच होता असे नाही.

(ई) पाऊस व चिखल : नक्षी शाबूत असलेला चांगला उन्हाळी टायर ओल्या डांबरावर उत्तम काम करतो. परंतु नक्षी झिजल्यावर रुंद टायर पाणी बाजूस सारू शकत नाही व गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणाऱ्या काळ्या चिखलावर तर असे टायर फारसे उपयोगी पडत नाहीत. नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. तेवढ्या उंचीचे लहान उंचवटे दर्शक म्हणून खाचांतच दिलेले असतात.

उष्णता आणि हवेचा दाब : एक घातक समजूत

'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार पौंड कमीच भरावी', ही समजूत आपल्या भागात खोलवर रुजलेली आहे. प्रस्तुत लेखकानेही एका मे महिन्यात नागपूरहून परतताना, टायर गरम असताना दाब वाढलेला पाहून, पंक्चरच्या दुकानातील सल्ल्यावरून चारही चाकांतील हवा ३३ पौंडांवर आणून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली असता ती जेमतेम २७ पौंड भरली. असे का व्हावे?

बंदिस्त वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. सकाळी २८ अंश तापमानात ३३ पौंड हवा भरली, तर वातावरणाचा सुमारे १४.७ पौंड दाब मिळवून एकूण दाब ४७.७ पौंड होतो. धावताना टायरमधील हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर हा दाब सुमारे ५४.४ होतो, म्हणजेच मापकावर जवळजवळ ४० पौंड दिसतात. ही वाढ स्वाभाविक असून निर्मात्याने ती गृहीत धरूनच थंड टायरसाठीचा दाब ठरविलेला असतो. याउलट, गरम टायरमधून हवा सोडून तो दाब ३३ वर आणला, तर टायर पुन्हा २८ अंशांवर थंड झाल्यावर सुमारे २७ पौंडच उरतात.

खरा धोका येथून सुरू होतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो व पुन्हा सरळ होतो. या सततच्या लवण्यातून रबराच्या आतच उष्णता निर्माण होते. वेग जास्त असला तर दबलेला भाग पूर्ववत होण्यापूर्वीच पुन्हा रस्त्यावर येतो व टायरच्या पृष्ठावर लाट उभी राहते. मग तापमान झपाट्याने चढते, रबर व पोलादी तारांचे थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फुटतो. म्हणजेच टायर फुटतो तो बहुधा जास्त हवेने नव्हे, तर कमी हवेने निर्माण झालेल्या उष्णतेने. बाहेरचे ऊन या संकटात भर घालते. पण त्याचे मूळ कारण टायरच्या आतच असते. लग्नसराईत क्षमतेपेक्षा अधिक माणसे व सामान भरून निघालेल्या गाडीत हे संकट दुणावते.

नायट्रोजनविषयीही अशीच अतिशयोक्त अपेक्षा आढळते. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो व किंचित सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा लाभ. तापल्यावर त्याचाही दाब जवळपास तितकाच वाढतो. त्यामुळे नायट्रोजन भरला म्हणून महिनोन्महिने दाब न तपासणे योग्य नव्हे.

टायरचे वय

कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, परंतु ऊन, उष्णता व प्राणवायू यांमुळे रबर म्हातारे होते. टायरवरील चार अंकी संख्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगते. उदाहरणार्थ, '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. भिंतीवर बारीक भेगा दिसू लागल्यास नक्षी कितीही खोल असली तरी तो टायर महामार्गास योग्य मानू नये. डिकीत पडून असलेल्या स्टेपनीलाही हाच नियम लागू होतो.

महामार्ग व अपघात : सावध निष्कर्षाची गरज

प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यावेळी प्रथम टायर फुटल्याचे सांगितले गेले. परंतु परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. सरळ व एकसुरी रस्त्यावर येणारी गुंगी, अतिवेग व अपुरी झोप यांचाही विचार करावा लागतो. टायर बदलल्याने चालकाची थकावट दूर होत नाही.

सूचना :

१. दाब नेहमी थंड टायरमध्ये, शक्यतो सकाळी, दाराच्या चौकटीवरील तक्त्यानुसार तपासावा. गरम टायरमधून हवा सोडू नये.
२. पूर्ण भार असल्यास तक्त्यातील पूर्ण भाराचा दाब ठेवावा.
३. टायर घेताना भारांक, वेगश्रेणी व निर्मितीचा आठवडा पाहावा.
४. गावरस्त्याचा प्रवास अधिक असणाऱ्यांनी मूळ मापाचाच टायर ठेवावा. केवळ देखाव्यासाठी मोठा रिम बसवू नये.
५. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबावे. त्यामुळे चालकास विश्रांती मिळते व टायरही नजरेखालून जातात.
६. टायर फुटल्यास जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट व सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग उतरल्यावर गाडी कडेला घ्यावी.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, उच्च कार्यक्षमतेचे टायर पकड व नियंत्रण या बाबतीत सरस असले, तरी त्यांचे गुण योग्य दाब, योग्य भार व योग्य रस्ता यांच्या मर्यादेतच अनुभवास येतात. जाम-नागपूर मार्गावर नित्य धावणाऱ्या चालकास ते लाभदायक ठरतील. गिरड, मांडगाव परिसरातील खेड्यांतून फिरणाऱ्या चालकास उंच भिंतीचा साधा टायरच अधिक उपयोगी पडेल. परंतु दोघांसाठीही समान असलेली बाब म्हणजे सकाळी दाब मोजण्याची सवय. हवा मोजण्यास पाच मिनिटे लागतात आणि खर्च नगण्य असतो. ज्या कुटुंबांतील माणसे दररोज या मार्गावरून ये-जा करतात, त्यांच्या दृष्टीने या पाच मिनिटांचे मोल टायरच्या किमतीपेक्षा निश्चितच अधिक आहे.