कुंडीतील मुंग्या
सज्जा, गच्ची अथवा अंगण यांतील कुंड्यांत मुंग्यांचा (गण हायमेनॉप्टेरा, कुल फॉर्मिसिडी) उपद्रव नेहमी आढळतो. बहुतेक मुंग्या झाडाची पाने वा मुळे खात नाहीत. कोरडी, भुसभुशीत माती त्यांना वारुळासाठी सोयीची असते. परंतु खोडावरून त्यांची सतत ये-जा सुरू असल्यास तिचे कारण सामान्यतः मावा, खवले कीटक किंवा पिठ्या ढेकूण हे असते. हे कीटक झाडातील रस शोषतात व त्यातील जादा साखर चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतात. हा द्रव मुंग्यांचे आवडते खाद्य असून त्यासाठी त्या या कीटकांचे भक्षकांपासून रक्षण करतात. पानांवर सांडलेल्या द्रवावर काजळीसारखे काळे कवक वाढते. जास्वंदीवर हा प्रकार विशेष पहावयास मिळतो.

त्यामुळे केवळ मुंग्या मारून भागत नाही. पानांची खालची बाजू, पेरी व कळ्यांचे देठ तपासून फार किडलेले शेंडे छाटावेत आणि उरलेल्या भागावर सौम्य साबणाचे पाणी (१ लि. पाण्यात सु. ५ मिलि. द्रवरूप साबण) संध्याकाळी फवारावे. पिठ्या ढेकणांच्या अंगावर मेणचट आवरण असल्याने आठवड्याच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी लागते. त्यांचा भक्षक असलेला क्रिप्टोलीमस माँट्रौझिएरी हा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणतंतू असतात व पुष्कळदा तिलाच कीड समजून मारले जाते.

वारूळ कुंडीतच असल्यास मातीवर पाणी येईल इतपत कुंडी बादलीत अर्धा तास बुडवावी व नंतर नीट निथळू द्यावी. निवडुंगासारख्या झाडांना हा उपाय मानवत नाही. वारूळ अन्यत्र असल्यास १०० मिलि. पाण्यात १० ग्रॅ. साखर व १ ग्रॅ. बोरिक अम्ल विरघळवून त्यात भिजविलेला कापसाचा बोळा बशीत घालून मुंग्यांच्या वाटेवर ठेवावा. अम्लाचे प्रमाण वाढविल्यास कामकरी मुंग्या लवकर मरतात आणि विष राणीपर्यंत पोहोचत नाही. हे आमिष मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे. मातीत मात्र ते ओतू नये, कारण जादा बोरॉन झाडास अपायकारक असते. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीएचसी भुकटीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. हळदीची रेघ मुंग्यांची वाट तात्पुरती मोडते, एवढेच.

जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत कुंडीच्या तिवईलाही लागू पडते. फांद्या भिंतीला टेकलेल्या नसाव्यात. वाट्यांतील पाणी आठवड्यातून एकदा तरी घासून बदलावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते.